हॉटेलच्या बुफेतला नाश्ता डब्यात भरून नेला तर चालतो का? रीत, कायदा आणि तब्येत काय सांगते?

रूमच्या भाड्यातच नाश्ता धरलेला आहे. समोर पोहे, इडली, उकडलेली अंडी, केळी, ब्रेड-बटर असं सगळं मांडलंय. पोट भरलंय, पण पुढचा प्रवास चार-पाच तासांचा आहे. अशा वेळी दोन केळी पिशवीत टाकली किंवा चार पुऱ्या टिश्यू पेपरात गुंडाळून घेतल्या, तर त्यात चुकलं काय?

काहींना हा प्रश्नच पडत नाही. काहींना तो एवढा पडतो की, आईने पर्समध्ये अंडं ठेवलेलं दिसताच मुलं लाजेने टेबलावरून उठतात. 'पैसे भरलेत आपण' विरुद्ध 'बरं दिसतं का ते' असा हा घरगुती वाद आहे.

थोडक्यात उत्तर असं : बुफेमध्ये तिथे बसून कितीही खाता येतं, पण सोबत न्यायचं असेल तर विचारावं लागतं. असं का, हे समजून घ्यायला बुफेचा हिशोब, आपल्या पंगतीची रीत, कायदा आणि अन्न टिकण्याचं शास्त्र अशा चार गोष्टी पाहाव्या लागतात.

जालन्यात हा प्रश्न जास्त का येतो?

जालना हे पर्यटकांचं शहर नाही. इथल्या हॉटेलांत उतरणारी माणसं बहुतेक कामानिमित्त आलेली असतात. स्टीलच्या कारखान्यांशी व्यवहार असलेले व्यापारी, बियाणे कंपन्यांकडे आलेले अधिकारी आणि वितरक, लग्नाला आलेली वऱ्हाडी मंडळी, राजूरच्या गणपतीला, अंबडच्या मत्स्योदरी देवीला किंवा जांब समर्थला जाणारी कुटुंबं. मुक्काम एखाद्या रात्रीचा आणि सकाळी लगेच पुढचा रस्ता.

त्यात आता समृद्धी महामार्गाची भर पडली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूचा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. जालना याच रस्त्यावर आहे. पण जुन्या हायवेसारखं इथे वाटेल तिथे गाडी थांबवून ढाब्यावर बसता येत नाही. ठरावीक ठिकाणीच आत-बाहेर करता येतं. सुरुवातीच्या काळात तर या रस्त्यावर खाण्यापिण्याच्या सोयी तोकड्या असल्याच्या तक्रारी होत्या. त्यामुळे 'वाटेत काही मिळेल न मिळेल, इथूनच घेऊन ठेवू' हा विचार निव्वळ हावरटपणातून येतो असं म्हणता येणार नाही. त्यामागे मराठवाड्यातली जुनी सवयही आहे. प्रवासाला निघायचं म्हणजे धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यायची. शिदोरीशिवाय घराबाहेर पाऊल टाकणं इथे कुणालाच पटत नाही.

फरक एवढाच की, शिदोरी स्वतःच्या घरची असते. बुफे दुसऱ्याचा असतो.

'कॉम्प्लिमेंटरी' म्हणजे फुकट का?

नाही. हॉटेलच्या भाषेत फक्त खोलीच्या दराला ईपी म्हणतात आणि नाश्त्यासह दराला सीपी. बुकिंग करताना दोन्ही पर्याय दिसत असतील, तर त्यांतला फरक हीच ढोबळमानाने नाश्त्याची किंमत. म्हणजे 'आम्ही पैसे भरलेत' हे पाहुण्याचं म्हणणं खरंच असतं.

पण पैसे कशाचे भरले, हा खरा प्रश्न आहे. दुकानात डझनभर केळी घेतली तर ती केळी आपली होतात, तिथे खा किंवा घरी न्या. बुफेमध्ये आपण केळी विकत घेत नाही, तर तिथे बसून पोटभर खाण्याची मुभा विकत घेतो. म्हणूनच दोन घास खाऊन उठणारा आणि सहा इडल्या खाणारा, दोघेही सारखेच पैसे देतात. कमी खाणाऱ्याचे वाचलेले पैसे जास्त खाणाऱ्याच्या ताटात जातात आणि हॉटेलचा हिशोब जुळतो.

या हिशोबाला एक नैसर्गिक कुंपण असतं, ते म्हणजे माणसाचं पोट. कितीही भूक असली तरी एका बैठकीत खाण्याला मर्यादा आहे. डबा किंवा पिशवी आली की हे कुंपणच निघून जातं. पोटाला मर्यादा आहे, पिशवीला नाही.

एक साधं उदाहरण घेऊ. समजा, लहानशा हॉटेलात ३० पाहुणे आहेत आणि स्वयंपाकघराने ४० अंडी उकडली. प्रत्येकाने एक खाल्लं तरी १० शिल्लक राहतात. पण पाच जणांनी प्रवासासाठी प्रत्येकी तीन अंडी जास्तीची उचलली, तर १५ अंडी गेली. उरली २५ आणि खाणारे ३०. शेवटी येणाऱ्या पाच जणांना रिकामं भांडं दिसतं. ते वेटरला बोलतात आणि वेटर स्वयंपाकघरात बोलणी खातो. ज्यांनी अंडी नेली ते तोवर बदनापूरच्या पुढे गेलेले असतात.

मोठ्या शहरातल्या दोनशे खोल्यांच्या हॉटेलात अशी तूट लगेच भरून काढता येते. जिल्ह्याच्या ठिकाणी वीस-तीस खोल्यांच्या हॉटेलात सकाळी हाताशी एक-दोन आचारीच असतात. तिथे पाच-दहा पदार्थांचा फरकही जाणवतो.

वाढपी गेला आणि गोंधळ सुरू झाला

बुफे ही पद्धत आपल्याकडची नाही. स्वीडनमध्ये टेबलावर अनेक पदार्थ एकत्र मांडून ज्याने त्याने वाढून घेण्याची रीत होती, तिला 'स्मॉर्गसबोर्ड' म्हणतात. १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात ती अमेरिकेतल्या अनेकांनी पाहिली. १९५८ मध्ये टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने याच धर्तीवर जेवण सुरू केलं आणि त्याला 'व्हायकिंग' असं नाव दिलं. जपानमध्ये आजही बुफेला त्याच नावाने ओळखतात. आपल्याकडे लग्नपत्रिकांमध्ये त्याचं 'स्वरुची भोजन' झालं.

त्याआधी पंगत होती. पंगतीतही खाण्यावर बंधन नव्हतं, उलट आग्रह करकरून वाढलं जायचं. पण तिथे पाहुणा आणि भांडं यांच्यामध्ये वाढपी उभा असायचा. कुठल्या पानावर काय हवं, मागच्या पंगतीला किती पुरवायचं आहे, जिलबी कधी आखडती घ्यायची, हे सगळं त्याच्या डोक्यात असायचं. पाहुण्याला हिशोब करावाच लागत नसे.

पंगतीची आणखी एक रीत होती. घरी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी, आजाऱ्यासाठी किंवा बाळंतिणीसाठी डबा दिला जायचा. आजही लग्नघरातून बुंदीच्या पुड्या आणि डबे जातातच. पण तो डबा यजमान भरून द्यायचा. 'वहिनी, आत्यांसाठी एवढं घेऊन जा' असं म्हणून तो हातात ठेवला जायचा. पाहुण्याने स्वतः उठून कढईतून डबा भरून घेतला असता, तर त्याच लग्नात त्याच्या नावाने कुजबुज झाली असती.

म्हणजे आपल्या रीतीत अन्न सोबत नेणं कधीच वाईट नव्हतं. दिलेलं नेणं आणि न विचारता उचलणं, या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जात होत्या. बुफेने वाढपी हटवला आणि डाव पाहुण्याच्या हातात दिला. त्यासोबत वाढप्याचा हिशोबही पाहुण्यावर आला. मागून येणाऱ्याला पुरेल का, हे आता त्यालाच बघायचं आहे.

पण उरलेलं टाकूनच देणार ना?

हा सर्वांत जोरदार युक्तिवाद आहे आणि तो पूर्ण चुकीचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, २०२२ या वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं जवळपास ६० टक्के घरांमध्ये आणि २८ टक्के हॉटेल, कॅन्टीन अशा खानपान सेवांमध्ये वाया गेलं. बुफेत भांडी शेवटपर्यंत भरलेली दिसावीत म्हणून जास्त बनवलं जातं आणि ते उरतंही.

पण सकाळी साडेआठला बुफेवर असलेलं अन्न 'उरलेलं' नसतं. ते अजून खाली न आलेल्या पाहुण्यांचं असतं. खरं उरलेलं अन्न नाश्त्याची वेळ संपल्यावर कळतं. अनेक ठिकाणी त्यावर कामगारांचा नाश्ता होतो. जास्त अन्न गरजूंपर्यंत पोहोचवायचं असेल, तर त्यासाठी एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये स्वतंत्र नियम केले आहेत. मुंबईत माजी पोलीस महासंचालक डी. शिवानंदन यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली रोटी बँक याच प्रकारचं काम करते.

अन्न वाया जाऊ नये म्हणून कडक कायदे करणाऱ्या देशांनीही बुफेला वेगळं ठेवलं आहे. फ्रान्समध्ये जुलै २०२१ पासून ग्राहकाने मागितल्यास उरलेलं अन्न नेण्यासाठी डबा देणं रेस्टॉरंटना बंधनकारक आहे. स्पेनने २०२५ मध्ये असाच कायदा केला. पण 'हवं तेवढं खा' पद्धतीच्या जेवणाला दोन्हीकडे सूट दिली आहे. ताटात मागवलेला पदार्थ ग्राहकाचा असतो. बुफेच्या भांड्यातला पदार्थ सगळ्यांचा असतो.

मात्र स्वतःच्या ताटात घेतलेलं राहिलं असेल, तर गोष्ट बदलते. ते पुन्हा बुफेवर जाऊ शकत नाही, कचऱ्यातच जाणार. उष्टं न झालेलं असं काही असेल, तर 'हे बांधून द्याल का' म्हणण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त 'राहणार' हे आधीच ठरवून ताट भरलेलं नसावं.

कायद्याने ही चोरी ठरते का?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार, दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीशिवाय अप्रामाणिक हेतूने नेणं म्हणजे चोरी. बुफेवर हॉटेलची संमती असते ती खाण्याची. नेण्याची संमती त्यात आपोआप येत नाही. पण याच संहितेच्या कलम ३३ मध्ये असंही म्हटलंय की, सामान्य समजेच्या माणसाने ज्याची तक्रारही केली नसती इतकं क्षुल्लक नुकसान गुन्हा ठरत नाही.

त्यामुळे एका केळ्यावरून कुणी पोलीस ठाण्यात जाणार नाही. पण डबेच्या डबे भरले, तर हॉटेल हरकत घेऊ शकतं आणि तसा नियम लावलेला असेल तर वेगळे पैसेही मागू शकतं. हा वाद साधारणपणे कायद्याचा होत नाही, चारचौघांत झालेल्या अपमानाचा होतो.

तसा अपमान किती लांब जाऊ शकतो, हे जुलै २०१९ मध्ये दिसलं. स्वित्झर्लंडमधल्या ग्श्टाड इथल्या एका हॉटेलात खास भारतीय पाहुण्यांसाठी लावलेली सूचना उद्योगपती हर्ष गोएंका यांनी ट्विटरवर टाकली. नाश्त्याच्या बुफेतलं काही नंतरसाठी नेऊ नका, हवं असल्यास पैसे देऊन लंच बॅग मागवा, असं त्यात लिहिलं होतं. कॉरिडॉरमध्ये आवाज करू नका, असंही होतं. सूचना वाचून आधी राग आला, पण आपल्या पर्यटकांच्या वागण्याचाही विचार करायला हवा, असा गोएंका यांचा सूर होता. यावर दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं होतं की, नियम योग्य आहे. दुसरी बाजू म्हणत होती की, नियम योग्य असेल तर तो सर्व देशांच्या पाहुण्यांसाठी लिहा, एकाच देशाचं नाव कशाला?

दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. बुफेतून खाणं उचलण्याची सवय कुठल्या एका देशाची मक्तेदारी नाही. आणि त्या सूचनेत एक उपयोगाची गोष्टही होती : नेण्याचा पर्याय तिथे उपलब्ध होता, फक्त तो मागावा लागत होता.

जालन्याचा उन्हाळा आणि डब्यातली इडली

हॉटेलवाले 'नेऊ नका' म्हणतात त्यामागे पैशांइतकंच मोठं कारण अन्न बिघडण्याचं आहे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून गरम पदार्थ गरमच आणि थंड पदार्थ थंडच ठेवायचे असतात. शिजवलेलं अन्न बाहेरच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असा सर्वसाधारण दंडक आहे. तापमान ३२ अंशांच्या वर असेल, तर हीच मुदत एका तासावर येते.

एप्रिल-मे महिन्यात जालन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून जास्त. शिवाय बुफेतला पदार्थ आपण उचलतो तेव्हा तो आधीच तासभर तिथे ठेवलेला असू शकतो, म्हणजे मुदतीतला बराच वेळ संपलेला असतो. नऊला उचललेली इडली आणि ओल्या नारळाची चटणी साडेबाराला गाडीत लहान मुलाला खायला दिली आणि संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या, तर दोष कुणाचा? हॉटेलचं नाव घेतलं जाईल, पण अन्न हॉटेलमधून बाहेर पडल्यावर कसं ठेवलं गेलं यावर हॉटेलचा ताबा नसतो. म्हणून अनेक जण सरसकट 'नाही' म्हणून मोकळे होतात.

ढोबळमानाने असं लक्षात ठेवता येईल :

- त्यातल्या त्यात सुरक्षित : न सोललेली केळी, मोसंबी, सफरचंद, बंद पाकिटातली बिस्किटं, कोरडा ब्रेड.
- लगेच खायचे तरच : उकडलेली अंडी, पराठे, पुऱ्या.
- नेऊच नयेत : ओल्या नारळाची चटणी, सांबार, पोहे, उपमा, कापलेली फळं, ऑम्लेट, दही आणि दुधाचे पदार्थ.

मग कुणासाठी, कसं विचारायचं?

नियम सरळ असला तरी माणसांच्या अडचणी सरळ नसतात. नेहमी येणारे काही प्रसंग :

पहाटे निघायचं आहे. नाश्ता सातला सुरू होणार आणि गाडी पाचची आहे. हा नाश्ता तुमच्या भाड्यात आहे, त्यामुळे तो मागण्यात काहीच गैर नाही. मात्र आदल्या रात्री रिसेप्शनवर सांगावं. बरीच हॉटेलं सँडविच, फळ, अंडी असं पार्सल करून देतात.

घरातलं कुणी आजारी आहे, खोलीतच आहे. त्या व्यक्तीचाही नाश्ता भाड्यात धरलेला असतो. स्वतः प्लेट भरून लिफ्टकडे निघण्याऐवजी, 'दादा, आमच्या वडिलांना बरं नाहीये, त्यांच्यासाठी दोन इडल्या वर नेल्या तर चालतील का?' एवढं विचारलं तरी पुरतं. 'थांबा काका, मी पाठवतो वर' असंच उत्तर बहुतेक वेळा मिळतं.

मधुमेह आहे. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांची साखर प्रवासात अचानक उतरू शकते. त्यांनी एखादं फळ किंवा बिस्किटांचा पुडा जवळ ठेवणं ही तब्येतीची गरज आहे. तसं सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

लहान मूल अजून झोपलंय. एखादं केळं किंवा ब्रेडचे दोन तुकडे याला सहसा कुणी हरकत घेत नाही. तरी सांगून घ्यावं.

बाहेर ड्रायव्हर थांबलाय. हा आपल्याकडचा खास प्रसंग आणि सर्वांत अवघड. रात्रभर गाडीत झोपलेल्या माणसाला सोडून आपण चार पदार्थ खायचे, हे अनेकांना खटकतं, म्हणून टिश्यूमध्ये काहीतरी बांधून नेलं जातं. भावना चांगली आहे, पण त्याचा नाश्ता भाड्यात धरलेला नाही. शिवाय टिश्यूत गुंडाळलेलं गार अन्न हातावर ठेवण्यात त्याचाही मान राहत नाही. काही हॉटेलांत ड्रायव्हरसाठी कमी दरात जेवणा-नाश्त्याची सोय असते, ती विचारावी. नसेल तर त्याला बाहेर गरम नाश्ता करायला पैसे द्यावेत.

दुपारचं जेवण वाचवायचं आहे. इथे मात्र उत्तर 'नको' असंच आहे. एका जेवणाच्या पैशांत दोन जेवणं काढायची, तर त्यातलं दुसरं दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातून येतं. पार्सल विकत मिळत असेल तर घ्यावं.

खोलीत ठेवलेले चहा-साखरेचे सॅशे, साबण, शाम्पूच्या छोट्या बाटल्या यांचा हिशोब वेगळा आहे. त्या वस्तू तुमच्या नावाने, तुमच्या वापरासाठी ठेवलेल्या असतात. त्या नेल्या तर चालतात. टॉवेल, कप, किटली नाही.

हॉटेलचीही काही जबाबदारी आहे का?

आहे. नियम असेल तर तो चेक-इनच्या वेळी सांगायला हवा किंवा बुफेजवळ सर्वांना दिसेल असा मराठी-हिंदीत लिहायला हवा. 'अन्न बाहेर नेऊ नये' एवढ्यावर न थांबता 'प्रवासासाठी पार्सल हवं असल्यास काउंटरवर सांगा' ही ओळ जोडली तर अर्धे वाद होणारच नाहीत. वाजवी दरात शिदोरी विकत मिळते हे कळलं, तर समृद्धीवर गाडी घालण्याआधी बरेच जण ती आनंदाने घेतील.

आणि कुणी केळं पिशवीत टाकताना दिसलंच, तर भरल्या टेबलासमोर आवाज चढवून बोलणं हा उपाय नाही. जवळ जाऊन 'मावशी, प्रवासाला हवंय का? मी बांधून देतो' असं म्हटलं तरी सांगायचं ते पोहोचतं. त्या क्षणापुरता तो वेटर पंगतीतला वाढपी होतो. कुणाला किती द्यायचं आणि मागच्यांना किती ठेवायचं, हे पुन्हा त्याच्या हातात येतं, आणि मावशींचं केळं उचललेलं न राहता दिलेलं होतं.